चायना ग्रासचा डबा

करंजे, सातारा
ता. ४ फेब्रुवारी १९४६

चि. विजयमाला हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

मोटारवाला केरबा तुला एक काचेची नळी आणून देईल. ती उभी धरून न्यायची असे मी त्याला तीनदा बजावले आहे. तरी त्याने आडवी आणली असेल किंवा मोटारीच्या यंत्राजवळ गरम जागी ठेवली असेल, तर मला खरे कळव. तो खोटे बोलतो.

नळीत जी कापसाची काडी आहे ती कृष्णातच्या जखमेतली आहे. इटलीत सुरुंग उडाला तेव्हा पोराच्या नडगीत कपची शिरली होती, हे तुला ठाऊक आहे. पलटणीच्या दवाखान्यात जखम भरली, तो घरी आला, दिवाळीपर्यंत चालत होता. मग तीच जागा पुन्हा फुटली. आता पू थांबत नाही. इथले डॉक्टर म्हणतात, आतले हाड किडत आहे. या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत उतार पडला नाही तर गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. मी विचारले, दुसरा काही उपाय? तर म्हणाले, पेनिसिलीन म्हणून नवे औषध आहे, पण ते पुण्याहून मागवावे लागते आणि जखमेत कोणता जंतू आहे याचा कागद जोडल्याशिवाय ते देत नाहीत. इथे तसला तपास होत नाही. मी तुझे नाव सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतः काडी फिरवून नळी भरून दिली.

तू सांगलीच्या दवाखान्यात जंतूंच्या खोलीत कामाला लागलीस तेव्हा "पोरीच्या जातीला हे कसलं काम" असे मी तुझ्या आईला म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो.

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, तेव्हा सोप्या भाषेत लिही. उलट टपाली लिही. टपालवाला हल्ली दोन दिवसांनी येतो, त्यामुळे काळजी वाटते.

तुझा मामा,
नाथाजी


सांगली
ता. ८ फेब्रुवारी १९४६

ती. मामांस विजयमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

नळी उभी होती, गार होती. केरबाने ती छातीशी धरून आणली. त्याला उगाच बोलू नका.

तपासाला मात्र अडचण आली आहे. आम्ही काचेच्या बशीत एक थिजवलेला थर ओततो. त्यावर काडी फिरवली की जंतू वाढतात आणि एकेका जातीचे वेगळे ठिपके दिसतात. ठिपका पाहून जात ओळखायची. पण कृष्णातदादाच्या काडीतून ठिपके आलेच नाहीत. सबंध बशीवर पातळ साय धरल्यासारखे एकच पांघरूण आले, आणि त्यात एकाबाहेर एक अशी कडी, कापलेल्या कांद्याच्या चकतीसारखी. हा धावणारा जंतू आहे. त्याचे इंग्रजी नाव तुम्हाला नको. आम्ही आपसात त्याला बहुरूपी म्हणतो. तो एका रात्रीत बशीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि खाली दुसरा कोणी असला तर त्याला झाकून टाकतो.

आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, हाड किडवणारा खरा जंतू याच्या खाली दडलेला असणार. पेनिसिलीन त्या दडलेल्याला मारते. या धावणाऱ्याला त्याने काही होत नाही. म्हणून खालचा दिसल्याशिवाय ते कागद देणार नाहीत. धावणाऱ्याला थोपवायला हवे. त्यासाठी थर घट्ट करावा लागतो, आणि लढाईपासून आमच्याकडे आगर संपत आले आहे. आहे तेच पातळ करून पुरवतो.

दुसरी काडी पाठवा. आणि एक विचारते. दवाखान्याच्या औषधाखेरीज जखमेला काही लावले आहे का?

आपली,
विजयमाला


करंजे, सातारा
ता. १० फेब्रुवारी १९४६

चि. विजयमाला हिस आशीर्वाद.

दुसरी काडी पाठवली आहे. जखमेला दवाखान्याच्या औषधाखेरीज काही लावलेले नाही.

तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. एका रात्रीत या काठापासून त्या काठापर्यंत, हे वाचले आणि तसाच उठलो. मी लगेच कृष्णातच्या मांडीला चुन्याची रेघ ओढली आणि वर काळा दोरा बांधला. रोज सकाळी वीत लावून बघतो की जंतू कुठवर चढला. तुझी मामी म्हणाली, "आवं, त्यो जंतू काय मुंगळा हाय व्हय, रेघ बघून मागं फिराया?" कृष्णात हसत होता. मी म्हणालो, हसू नकोस, तुझ्या बहिणीने लिहिले आहे. मग त्याने पत्र मागून घेतले, कड्यांचे वाचले आणि म्हणाला, "आबा, ही तर पलटनच की वं. मार्च, हॉल्ट, मार्च." त्याला चेष्टा सुचते. मला सुचत नाही.

तुमचे आगर संपत आले असे लिहिले आहेस. लढाईत सगळ्याच गोष्टींची टंचाई झाली, त्यात मिठागरेही आली. म्हणून केरबाबरोबर पाच शेर जाडे मीठ पाठवतो. चांगले आहे, ओले नाही. थरात सढळ हाताने घाल. मिठापुढे कोणताही किडा टिकत नाही, लोणच्यात आपण पाहतोच.

पंचवीस तारखेला पंधरा दिवस राहिले.

मामा


सांगली
ता. १३ फेब्रुवारी १९४६

ती. मामांस सा. नमस्कार.

मीठ पोचले. मोठ्या डॉक्टरांनी विचारले, "हे कोणी धाडले?" मी म्हणाले, "माझ्या मामांनी, तपासासाठी." ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आता ते आमच्या मेसमध्ये वापरतात आणि वाढताना "मामांचे मीठ" म्हणतात. रागावू नका. चूक माझी. आगर म्हणजे मिठागर नव्हे. ते जपानकडच्या समुद्रातले एक शेवाळ आहे. वाळवून त्याच्या पांढऱ्या, कुरकुरीत पट्ट्या येतात. पाण्यात उकळून थंड केल्या की पाणी थिजते. जपानशी लढाई झाली आणि माल बंद झाला.

चुन्याची रेघ पुसून टाका, दोराही सोडा. बशीत तो धावतो म्हणजे पायात तसा धावतो असे नाही. धावायला त्याला गुळगुळीत, ओलसर, मऊ जागा लागते. मी सूक्ष्मदर्शकाखाली दोन तास पाहत बसले होते. आधी तो जागच्या जागी वाढतो, आखूड असतो, हलत नाही. दाटी झाली की काठावरचे काही जण लांब होतात, अंगावर केसासारखे कितीतरी पाय फुटतात, आणि मग ते एकमेकांना अंग लावून, वीस-पन्नासांचा जथा करून पुढे सरकतात. एखादा एकटाच पुढे गेला तर जागीच अडतो. मागून जथा आला आणि त्याने पोटात घेतला की पुन्हा चालू लागतो. थोडे गेले की सगळे थांबतात, पुन्हा आखूड होतात, पुन्हा वाढतात. त्या थांब्यांचीच कडी दिसतात. कृष्णातदादाचे मार्च-हॉल्ट बरोबर आहे, त्याला सांगा. हॉल्टचा हुकूम कोण देतो ते मात्र मोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

विलायती मासिकात आले आहे की थर तिप्पट घट्ट केला, शंभर भाग पाण्याला सहा भाग आगर, तर तो जागचा हलत नाही. आमच्याकडे तेवढे नाही. मुंबईला लिहिले आहे. महिना लागेल म्हणतात. दुसऱ्या काडीचीही बशी झाकली गेली. मला फार वाईट वाटते.

विजयमाला


करंजे, सातारा
ता. १५ फेब्रुवारी १९४६

चि. विजयमाला हिस आशीर्वाद.

पांढऱ्या कुरकुरीत पट्ट्या म्हणजे चायना ग्रास! अगं, मग हे आधी का नाही लिहिलेस? महाबळेश्वरला हॉटेलात सत्तावीस वर्षे आचारी होतो मी. साहेब लोकांना उन्हाळाभर जेली कोण करून घालत होता? हॉटेल बंद झाले तेव्हा कोठीत राहिलेला एक डबा मालकाने मला देऊन टाकला होता. कृष्णातच्या लग्नात तांबड्या-पिवळ्या वड्या करून पंगतीला वाढायच्या म्हणून सात वर्षे जपला. तो आज केरबाबरोबर पाठवला आहे. सगळाच पाठवला आहे. डब्याला सर्दी लागू नये म्हणून झाकणाची फट नीट लिंपून दिली आहे, ती सुरीने खरवडून काढ.

आता नीट वाच. शंभराला सहा म्हणजे फार घट्ट. तुम्ही ती एकदम उकळत्या पाण्यात टाकाल आणि गाठी होतील. तसे करू नको. पट्ट्या कात्रीने बारीक कापून थंड पाण्यात सकाळपासून दुपारपर्यंत भिजव. पिळून घे. मग मंद आचेवर, थोड्या थोड्या घालून, एकाच बाजूने ढवळत राहा. पळीवरून धार तुटेनाशी झाली की गरम असतानाच मलमलीतून गाळ. गार होऊ दिलीस तर फडक्यातच बसेल. आणि बशीत ओतल्यावर झाकण लगेच घट्ट लावू नको. आतली वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतो आणि वर पाणी सुटते. माझी पहिली जेली तशीच बिघडली होती आणि मडमेने बशी परत पाठवली होती. तूच म्हणतेस की त्याला ओलावा लागतो. मग ओलावा ठेवायचाच कशाला? बोटाने दाबून ठसा उठला नाही म्हणजे झाली.

बोट लावायचे नसेल तर नको लावू. तुमचे नियम मला ठाऊक नाहीत. तिसरी काडीही सोबत आहे.

दहा दिवस राहिले. डॉक्टरांच्या माणसाने काल कृष्णातच्या पायाचे माप घेतले. कशासाठी ते मी विचारले नाही.

मामा


सांगली
ता. २० फेब्रुवारी १९४६

ती. मामांस सा. नमस्कार.

झाले. तुम्ही सांगितलेत तसेच सगळे केले. झाकण तिरपे ठेवून वाफ जाऊ दिली. मोठे डॉक्टर शेजारी उभे राहून माझी पळी बघत होते. "धार तुटत नाही, आता गाळ," असे मी मोठ्याने म्हणाले तेव्हा त्यांनी स्वतः मलमल धरली.

धावणारा रुपयाएवढ्या जागेत थिजून बसला आहे. दोन दिवस झाले, काठाबाहेर गेलेला नाही. आणि त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत सोनेरी ठिपके उठले आहेत, गोल, मोहरीएवढे. हाडे किडवणारा तो हाच. पेनिसिलीन याला मारते. कागद काल टपालाने थेट तुमच्या डॉक्टरांकडे गेला, आणि पुण्याला तारही गेली.

आता दुसरी गोष्ट. हे पत्र वाचून झाल्यावर तुम्हीच ठेवा.

डब्याचे झाकण तुम्ही शेणाने लिंपले होते. घरी आपण धान्याची कणगी लिंपतो तसे. मोठ्या डॉक्टरांनी पाहू नये म्हणून मी ते बाहेर नेऊन खरवडले. पण दवाखान्याच्या सवयीने त्यातला कण जुन्या पातळ थराच्या बशीवर लावून पाहिला. त्यातूनही धावणारा निघाला. शेणात तो असतोच, त्यात नवल नाही. म्हणून मी एक करून पाहिले. एकाच बशीत तीन टोकांना तीन जंतू ठेवले. एक कृष्णातदादाच्या जखमेतला, एक डब्याच्या शेणातला, एक इथल्या गवळ्याच्या म्हशीच्या शेणातला. तिघेही धावत निघाले. म्हशीकडचा बाकीच्या दोघांना भेटला तिथे मध्ये एक बारीक रेघ राहिली. शेताला बांध असतो तशी. दोन्हीकडून आले आणि बांधावर थांबले. पण जखमेतला आणि डब्यातला समोरासमोर आले तिथे बांध पडलाच नाही. दोन्ही जथे एकमेकांत मिसळून गेले, जणू एका भावकीचे. मी दोनदा पुन्हा केले. दोनदा तेच.

असे का होते हे मला कोणी शिकवलेले नाही. गोठ्यातली धूळ उडून जखमेत गेली असेल, असेही होऊ शकेल. पण मामा, मी तुम्हाला आठ तारखेला एक प्रश्न विचारला होता. तो पुन्हा विचारते. पुन्हा नवे शेण जखमेत गेले तर पुण्याचे औषध फुकट जाईल. कागदात मी शेणाचे नाव लिहिलेले नाही.

विजयमाला


करंजे, सातारा
ता. २२ फेब्रुवारी १९४६

चि. विजयमाला हिस.

तू विचारलेस त्याचे उत्तर हो असे आहे.

पौष लागल्यापासून लावत होतो. तुझी मामी मळ्यात गेली की दवाखान्याची पट्टी सोडायची, आपल्या चांदी गाईचे ताजे शेण, हळद आणि थोडी राख असा लेप जखमेवर ठेवायचा, आणि पट्टी होती तशी बांधायची. काडी घ्यायची असेल त्या दिवशी पुसून काढायचा. माझ्या वडिलांच्या पायावरून नांगराचा फाळ गेला होता, तेव्हा याच लेपाने पाय भरला होता. मी स्वतः पाहिले होते. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, हे खरे.

दहा तारखेच्या पत्रात मी खोटे लिहिले. तेव्हा वाटले, लेपाचे सांगितले तर डॉक्टर रागावून औषध देणार नाहीत. दुसरेही एक वाटले, ते लिहायला हात चालत नाही. जखम दिवाळीत फुटली तेव्हा सुपारीएवढी होती. लेप लावू लागल्यावर ती वाढली. मी ते पाहत होतो, आणि लेप कमी पडतो असे समजून वाढवत होतो.

तुझे पत्र आले तेव्हा मी ते ओसरीवर वाचले आणि मग आत जाऊन कृष्णातला सांगितले. म्हटले, तुझ्या पायातला आणि चांदीच्या शेणातला एकच निघाला, मध्ये बांध पडला नाही. माझ्या हातानेच गेला.

तो म्हणाला, "मला ठाव हाय."

मी म्हटले, "काय ठाव हाय?"

"आबा, पाय माझा हाय. नाक बी माझंच हाय. शेनाचा वास मला येत न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाईस रं, गाढवा?"

तर म्हणाला, "लेप लावताना तुमी गप बसत व्हता. एरवी दिसभर कण्हतंय कोन, मी का तुमी? म्हटलं, म्हाताऱ्याला कायतरी काम हाय, करू द्या."

तुझी मामी दारात उभी होती. तिने सगळे ऐकले. तिने चुलीवर पाणी ठेवले, पट्टी सोडली, जखम धुतली आणि दवाखान्याचे औषध लावले. मला म्हणाली, "तुमी आता अंगनात बसा." मी अंगणात बसलो.

सोमवारी पंचवीस तारीख. पुण्याहून औषध आले नाही अजून. डॉक्टरांनी कागद वाचला आहे, "बघू" म्हणाले. मी त्यांनाही लेपाचे सांगितले. मला वाटले मारतील. त्यांनी फक्त विचारले, "कधीपासून?" आणि लिहून घेतले.

नाथाजी


सांगली
ता. २४ फेब्रुवारी १९४६

ती. मामांस सा. नमस्कार.

तुम्ही डॉक्टरांना सांगितलेत हे बरे केलेत. आता मनाला लावून घेऊ नका. सोनेरी जंतू इटलीतूनच हाडात आलेला होता. तो तुम्ही घातला नाही. दुसरा धावत येऊन त्याच्यावर बसला आणि तो दिसेनासा झाला, एवढे तुमच्या हातून झाले. आणि मग त्याला उघडा पाडणारा डबाही तुमचाच. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरांना तार केली आहे की आठ दिवस थांबा.

पट्टीची फडकी वीस मिनिटे खळखळ उकळवायची. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. एवढे करणाराने पट्टी बांधावी, मग तो कोणी असो.

विजयमाला


करंजे, सातारा
ता. ९ एप्रिल १९४६

चि. विजयमाला हिस मामाचे आणि मामीचे अनेक आशीर्वाद.

दीड महिना पत्र लिहिले नाही. आधी लिहिले तर दृष्ट लागेल असे वाटत होते. कृष्णातला परवा दवाखान्यातून घरी आणले, दोन पायांनी. औषध सत्तावीस फेब्रुवारीला आले. दर तीन तासांनी सुई, असे अठरा दिवस. मधे डॉक्टरांनी हाडाचा सडलेला तुकडा काढला, करंगळीएवढा. तो मी मागून घेतला नाही. जखम आता गव्हाएवढी राहिली आहे आणि कोरडी आहे. गुडघा पुरता वळत नाही, काठी लागते. डॉक्टर म्हणतात काठी सुटेल. मला वाटते नाही सुटणार. पण पाय आहे.

घरी आल्यावर पहिली पट्टी बदलायची होती. तुझी मामी पुढे झाली, तर कृष्णात म्हणाला, "र्‍हाऊ दे आये. आबा बांधतील." मी म्हटले, मला नको सांगूस. तो म्हणाला, "तुमीच बांधायची. फकस्त हात धुवून या." मी कोपरापर्यंत धुतले. त्याने वास घेऊन पाहिला आणि मग पाय पुढे केला. फडके घड्याळ लावून वीस मिनिटे उकळवले होते. वर पाच मिनिटे मी माझी घातली.

आता रोज मीच बांधतो. बांधताना बोलत नाही.

डबा केरबाने काल आणून दिला. झाकण उघडले नाही, पण हलवून पाहिला तेव्हा आत पट्ट्या वाजल्या. म्हणजे तू सगळी चायना ग्रास वापरली नाहीस. पुढच्या महिन्यात कृष्णातसाठी वडूजला मुलगी बघायला जायचे आहे. मुलीकडच्यांना काठीचे आधीच कळवले आहे, या वेळी मी काही लपवले नाही. ठरले तर वड्या होतील. थोड्या होतील, पण पंगतीच्या पहिल्या ओळीला पुरतील. तुझ्या मोठ्या डॉक्टरांना आमंत्रण करायचे आहे. मीठ मी घरचेच वापरीन असे त्यांना सांग.

झाकणाची फट तू मेणाने लिंपली आहेस. चांगली लिंपली आहेस. लग्नापर्यंत ती तशीच राहील.

तुझा मामा,
नाथाजी